वहिनींची अडीच वर्षे भाऊंच्या नावावर का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या माजी नगराध्यक्षांवर, म्हणजे भाऊंवर, परवा आपण अर्धे पान लेख छापला. 'सलग 20 वर्षे नगराध्यक्ष' असा ठळक मथळा दिला. वाचून काल दिवसभर चित्त ठिकाणावर नव्हते, म्हणून पत्र आज लिहिते आहे.

सलग 20 वर्षे हे खरे नाही. 2001 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला गेला, तेव्हा भाऊ पहिल्यांदा आले. 2006 नंतर निवड नगरसेवकांकडे गेली आणि अडीच-अडीच वर्षांच्या पाळ्या सुरू झाल्या. 2016 मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि भाऊ पुन्हा थेट निवडून आले. पण मधली एक पाळी भाऊंची नव्हतीच. 2011 च्या निवडणुकीनंतर अध्यक्षपद महिलांसाठी राखीव निघाले आणि खुर्चीवर वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, बसल्या. आपल्या वार्ताहरांनी ती अडीच वर्षे भाऊंच्या खात्यात घालून वीसचा आकडा पुरा केला. वहिनींचे तर नावही छापले नाही. 'आरक्षणाच्या काळात पत्नीच्या माध्यमातून कारभार पाहिला', एवढ्यावर त्यांना संपवले.

कोणाच्या माध्यमातून कोणी काय पाहिले, हे मला माहीत आहे. मी तिथे होते.

माझे वडील 2008 मध्ये गेले. घरटॅक्सच्या रजिस्टरवर आईचे नाव चढवायचे होते. मृत्यूचा दाखला, आम्हा तिघा भावंडांचे स्टॅम्पपेपरवरचे संमतीपत्र, जुन्या पावत्या, सगळे अर्जासोबत दिले. मी नागपुरात शाळेत शिक्षिका होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, गणेशपेठेतून एसटी धरायची आणि आईला घेऊन नगर परिषदेत जायचे, असे किती वेळा केले त्याची मोजदाद नाही. बाबू दर वेळी एकच सांगायचे, "काकू, भाऊच्या घरी एक चक्कर मारून या ना." म्हणजे भाऊंची चिठ्ठी आणा. नाव चढवणे हे कार्यालयाचे काम. त्याला अध्यक्षाची चिठ्ठी कोणत्याच कायद्यात लागत नाही. आई एकदा गेली. ओसरीवर दोन तास बसली, भाऊ मळ्यातून आलेच नाहीत. त्यानंतर ती म्हणाली, "मी काही भीक मांगाले नाही आली. आता जात नाही." आणि गेली नाही. चार वर्षे घराची पावती मेलेल्या माणसाच्या नावाने येत राहिली. पावती आली की आई ती उलटी करून डब्याखाली ठेवायची.

2012 च्या मे महिन्यात मीच आईला बळे नेले. वहिनी केबिनमध्ये होत्या. बाजूच्या खुर्चीवर भाऊंचा एक कार्यकर्ता. आईने बोलायला सुरुवात केली की उत्तर तोच द्यायचा. वहिनींनी दोनदा ऐकून घेतले. मग त्याला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा जरा." तो उठला नाही. त्या खुर्चीवरून उठल्या, दार उघडून उभ्या राहिल्या, तेव्हा तो गेला. बाबूला रजिस्टर घेऊन बोलावले. लाल कापडाच्या पाठीचे ते जाडजूड रजिस्टर टेबलावर उघडले. वहिनी बोट ठेवत ठेवत आमच्या घर क्रमांकापर्यंत आल्या. वडिलांच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, 'मयत'.

म्हणजे कार्यालयाला सगळे माहीत होते. चार वर्षे माहीत होते.

"हे कोणी लिहिलं?" वहिनींनी विचारले. बाबू काही बोलला नाही. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त मुख्याधिकाऱ्यांना निरोप धाडला आणि आम्हाला चहा सांगितला. पंधरा दिवसांत आईचे नाव चढले. तिच्या नावाची पावती आईने देवघराच्या फळीवर ठेवली होती. आई गेल्यावर ती मी जपून ठेवली आहे.

भाऊंनी काही केले नाही असे मी म्हणत नाही. पाण्याची टाकी त्यांच्याच काळात झाली. पाइपलाइन फुटली की रात्री दोन वाजता ते लुंगीवर येऊन उभे राहायचे, हे लेखात आहे आणि ते खरे आहे. पण गावातला जन्माचा दाखलासुद्धा त्यांच्या ओसरीवरून जायचा, हेही तितकेच खरे, आणि ते लेखात नाही. आता 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, कामाला मुदत आहे. तेव्हा असा कायदा नव्हता.

डिसेंबर 2025 मध्ये नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. कितीतरी बायका नगराध्यक्ष झाल्या. त्यांनी आपला लेख वाचला असेल तर खुर्चीवर बसून केलेल्या कामावर उद्या कोणाचे नाव लागणार, हे त्यांना कळले असेल. मला याचे फार वाईट वाटते.

आणखी एक. हा लेख मला नागपुरात मिळाला नाही. मावसभावाने फोनवर फोटो पाठवला. आमच्या तालुक्याचे पान शहराच्या अंकात येत नाही. एजंटला विचारले तर ग्रामीणचा अंक इकडे येत नाही म्हणतो. जिल्ह्यातली कितीतरी माणसे पोटासाठी नागपुरात येऊन राहिली आहेत. त्यांनी आपल्या गावाची बातमी कुठे वाचायची?

वहिनींचे नाव मी इथे देत नाही. नगर परिषदेच्या सभागृहात माजी अध्यक्षांचा फलक आहे, त्यावर ते तारखांसह लिहिलेले आहे. आपल्या वार्ताहरांनी स्वतः जाऊन ते वाचावे. त्यानंतर दुरुस्ती छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, लेख होता त्याच जागी, तेवढ्याच ठळक मथळ्यात, आणि शहराच्या अंकातसुद्धा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर