काका, रायफलचं नाव न सांगितल्याबद्दल आभार

प्रिय काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि वाऱ्याच्या झेंड्यांकडे बघायला लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता विषय बदलता यायचा नाही.

बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर एअर रायफल टेकवून नेम मारायचा आपला खेळ, शिकायला मी पहिल्यांदा तुमच्या टेबलापाशी आले ती यादी घेऊनच. वॉल्थर एलजी ४००, फाइनवेर्कबाऊ ८००, अन्शुट्झ ९०१५, स्टायर एलजी ११०. ऑलिंपिकच्या १० मीटर प्रकारात ज्या घराण्यांच्या रायफली दिसतात त्याच मी उतरवून घेतल्या होत्या. तिथे चालतात म्हणजे याहून अचूक काय असणार, असा माझा सरळ हिशोब. "यातली कुठली घेऊ?" तुम्ही यादी नीट वाचलीत, घडी घातलीत आणि माझ्याच हातात परत दिलीत. "किती मीटरवर मारणार? आणि कुठल्या वर्गात?"

मीटर माहीत होते, २५. वर्ग असतात हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

खरं सांगू? राग आला होता. तीन आठवडे तुम्ही एकाही रायफलचं नाव घेतलं नाहीत. दुसरा कुणी असता तर आपलीच कशी भारी हे ऐकवत बसला असता. (आम्हा नेमबाजांना ती खोड असतेच, आता मलाही लागली आहे.) तुम्ही मात्र वापरून झालेलं लक्ष्याचं कार्ड उलटं केलंत आणि त्याच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्यात. ते कार्ड अजून माझ्या पेटीत आहे. वर्ल्ड रिमफायर अँड एअर रायफल बेंचरेस्ट फेडरेशनच्या नियमांत हलका वर्ग म्हणजे स्कोपसकट (वरच्या दुर्बिणीसकट) जास्तीत जास्त ४.७६२ किलो वजन आणि १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ जूल, गोळीची ताकद. जड वर्ग म्हणजे ६.८०३ किलो आणि २० फूट-पाउंड, साधारण २७ जूल. खाली रेघ मारून म्हणालात, "आता तुझी यादी याच्यात बसव."

बसवायला गेले आणि भ्रमाचा भोपळा फुटला. १० मीटरची रायफल साधारण साडेसात जूलची. माझ्या मनातल्या पहिल्या रायफलीवर स्कोप आणि तो धरणारे माउंट चढवले की वजन ५ किलोच्या वर. म्हणजे हलक्या वर्गात वजनानं बाद, आणि जड वर्गात उतरायला अंगात दम नाही. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, अशी तऱ्हा. शिवाय तिची पेलेट, म्हणजे छर्रा, सेकंदाला १७०-१७५ मीटरनं निघणार, म्हणजे वाऱ्याच्या तावडीत जास्त वेळ राहणार. चपट्या तोंडाची पेलेट १० मीटरवर कागदाला कसं गोल, स्वच्छ भोक पाडते त्याचं मला फार कौतुक होतं. तिचीच चार कार्डं तुम्ही मला २५ मीटरवर मारायला लावलीत. बोलावं काहीच लागलं नाही तुम्हाला.

त्याच घराण्यांमध्ये १६ जूलच्या रायफलीही असतात आणि त्या मुख्यतः फील्ड टार्गेटवाल्यांसाठी (मैदानात वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं पाडणाऱ्यांसाठी) निघतात, हे तेव्हा कळलं. एअर आर्म्सची ईव्ही २ आणि बेंचवर चालणारी, हातानं बनवली जाणारी अमेरिकेतली थॉमस, ही नावंही मीच शोधून काढली, तुम्ही नाही सांगितलीत. पण कुठलंही नाव घेऊन आले की तुमचा पुढचा प्रश्न तयार असायचा. "तळ सपाट आहे का?"

या तळाचं महत्त्व मला सगळ्यात उशिरा पटलं. उभ्यानं मारायच्या रायफलीचा स्टॉक, म्हणजे दस्ता, हाताला, खांद्याला, गालाला हवा तसा वळवलेला असतो. वाळूच्या पिशवीशी त्याचं काही देणंघेणं नसतं. तुम्ही तशी एक रायफल पुढच्या आणि मागच्या बॅगवर ठेवलीत, क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुली, एका ठिपक्यावर आणलंत आणि मला म्हणालात, "आता बोटानं बोटभर मागे ओढ." मी ओढली. क्रॉसहेअर ठिपका सोडून तिरकं वर चढलं. मागचा भाग उतरता होता, त्यामुळे रायफल सरकली की तोंड वर-खाली होणारच. मग तुमची स्वतःची ठेवलीत. पुढच्या भागाखाली रुंद सपाट पट्टी, मागचा तळही तिला समांतर. ओढली, ढकलली, पुन्हा ओढली, क्रॉसहेअर आपलं त्याच उभ्या रेषेत त्याच उंचीवर. मी उगाचच दहा-बारा वेळा करून पाहिलं. त्या दिवशी एकही गोळी न मारता घरी गेले, आणि रात्री यादीतली दोन नावं खोडली.

स्कोपच्या बाबतीतही तेच केलंत. माझा जुना स्कोप दिसायला देखणा, पण ५० मीटरच्या आत फोकसच होत नव्हता. रायफल बॅगवर ठेवून म्हणालात, हात लावू नको, नुसतं डोकं डावी-उजवीकडे हलव. रायफल जागची हलली नव्हती तरी क्रॉसहेअर शेजारच्या लक्ष्याच्या कडेपर्यंत फिरून आलं. पॅरलॅक्स हा शब्द मी आधी शंभरदा वाचला होता. दिसला त्या दिवशी.

मग वापरलेली रायफल बघायचं ठरलं. पहिली जी पाहिली तिच्या बाबतीत तुम्ही मला वाचवलंत, आणि त्याचे वेगळे आभार. बॅरल चकचकीत, स्टॉकवर ओरखडा नाही, विकणारे गृहस्थ बोलायला गोड. मी आगाऊ रक्कम द्यायच्या बेतात होते. तुम्ही रायफलीकडे पाहिलंच नाहीत, आधी हवेचं सिलिंडर काढायला सांगितलंत आणि टॉर्च मारून त्याच्यावर कोरलेली तारीख वाचलीत. या सिलिंडरांची मुदत १० वर्षांची असते. त्या सिलिंडरची मुदत संपून आठ महिने झाले होते. २०० बार हवा ज्याच्यात भरायची आणि जे गालाखाली वीतभर अंतरावर ठेवायचं, त्याच्यावरची तारीख मी वाचलीच नव्हती. गृहस्थ म्हणाले, "अहो, चालतं, सगळे वापरतात." तुम्ही सिलिंडर त्यांच्या हातात ठेवलंत, नमस्कार केलात आणि चालायला लागलात.

दुसऱ्या रायफलीला तुम्ही क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लावलात. आधी सलग २५ गोळ्या, प्रत्येकीचा वेग मी वहीत लिहायचा. आकडे सेकंदाला २४० ते २४३ मीटरमध्ये, मी खूश. मग म्हणालात, "आता दहा मिनिटं हिला हात लावू नको." दहा मिनिटांनी पहिली गोळी, २४९. दुसरी २४५. तिसरीपासून पुन्हा पहिल्यासारखी. रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक गोळीला सारख्या दाबाची हवा देणारा भाग, दाब धरून ठेवत नव्हता, रायफल नुसती पडून राहिली की आत हळूहळू दाब चढत होता. बेंचवर आपण वाऱ्यासाठी दोन-दोन मिनिटं थांबून राहतो, आणि ही रायफल नेमकी थांबलं की बिघडणार. मी विचारलं, सहा-सात मीटरनं काय होतंय? तुम्ही वही ओढलीत. २५ मीटर जायला पेलेटला सेकंदाचा साधारण नववा भाग लागतो, तेवढ्यात ती सहा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेग अडीच टक्क्यांनी बदलला तर हे खाली येणं पाच टक्क्यांनी बदलतं, म्हणजे तीन मिलीमीटर. कार्डावरच्या दहाच्या ठिपक्यासमोर तीन मिलीमीटर म्हणजे काय, हे मला विचारायची गरज उरली नाही.

तिसरी मी घेतली. तुम्हाला माहीतच आहे, स्टायर एलजी ११०, १६ जूलची. माझ्या पहिल्या यादीत स्टायर होतीच, म्हणून मी तुम्हाला टोमणा मारला होता, "मग तीन आठवडे कशाला फिरवलंत?" तुम्ही नुसते हसलात. २५ गोळ्यांत सगळ्यात मंद आणि सगळ्यात वेगवान यांच्यात तीन मीटरचा फरक, दहा मिनिटं ठेवून पहिली गोळी त्याच पट्ट्यात, सिलिंडरची सहा वर्षं शिल्लक. आणि तरी घरी आणून स्कोपसकट लटकवत्या काट्यावर टांगली तर ४ किलो ९४०! १७८ ग्रॅम जास्त. रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला, तुम्ही जांभई देत म्हणालात, "मागचा हुक काढ. बेंचवर काखेत काय अडकवायचंय?" हुकाची बटप्लेट गेली, साधी आली. माउंट हलके घेतले. स्कोपची सन-शेड काढली. ४ किलो ७३०. मी काट्याचा फोटो काढून पाठवला, तुम्ही उत्तरात फक्त "तळ?" एवढंच लिहिलंत. सपाट पट्टी त्या वजनात धरूनच होती, काका!

पेलेटच्या निवडीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही, आणि त्याची किंमत मोजली. तुम्ही सांगितलं होतंत की डोक्याचा व्यास आणि बॅच दोन्ही बघून घे, आणि पाच गोळ्यांच्या एका देखण्या गटावर भुलू नको. मी ४.५३ मिलीमीटरच्या एका डब्यानं पाच गोळ्या एकाच भोकात घातल्या आणि लगेच आठ डबे उचलले. पूर्ण कार्ड मारायला बसले की २५ पैकी तीन-चार कुठल्या कुठे. नंतर तुमच्या डब्यातल्या ४.५२ च्या, ८.४४ ग्रेन वजनाच्या, एकामागून एक चार कार्डं मारली. तशी भटकी एकच निघाली, आणि ती माझ्या हातानं गेली होती, वारा फिरलेला दिसत असताना सोडलेली. ते आठ डबे आता सरावाला.

गेल्या रविवारी २५० पैकी २४४ झाले. तुम्ही नव्हतात. शेवटच्या ओळीत उजवीकडचा झेंडा पडला की सोडायची, उठला की थांबायचं, एवढंच करत होते. तुम्ही मला एकदा अर्धा तास गोळी न मारता झेंडे बघत बसवलं होतंत, तसंच. एका गोळीसाठी जवळजवळ चार मिनिटं थांबले. पहिलीच गोळी होती थांबल्यानंतरची, आणि दहात गेली. रेग्युलेटरची आठवण झाली, तुमची झाली.

एक काम आहे. तुम्ही दिलेला डबा संपत आला, साठ-सत्तर पेलेट उरल्यात. झाकणाच्या मागचा बॅच नंबर फोटो काढून पाठवतेय. त्याच बॅचचे आणखी असतील तर दोन माझ्यासाठी बाजूला ठेवा. आणि हो, तुमचं ते उलटं कार्ड मी परत करणार नाही.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची