प्रीमेडच्या तक्त्यांना कात्री लावणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

इथे अमेरिकेत प्रीमेड म्हणून, म्हणजे पुढे मेडिकलला जायच्या तयारीनं, कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मराठी मुलांचे आठ सेमिस्टरचे तक्ते तुम्ही वर्षानुवर्षं तपासून देत आलात, तेही शनिवार खर्ची घालून आणि एक पैसा न घेता. त्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघडं लिहिण्यामागे थोडा स्वार्थही आहे. प्रत्येकाला वेगळं बसवून तुम्ही जे सांगता, ते यंदा ऑगस्टमध्ये कॉलेजला निघालेल्या मुलांच्या, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबाबांच्या, हाती एकदा लेखी पडावं.

बारावी, पीसीबी ग्रुप, एक प्रवेश परीक्षा आणि थेट एमबीबीएस, हा रस्ता पाहिलेल्या पालकांना इथला हिशेब चटकन पटत नाही. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं एमडी किंवा डीओ (दोन्ही इथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदव्या), त्यापुढे किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी. पदवी इतिहासात घेतली तरी चालते, ठरावीक कोर्स मात्र झालेले हवेत. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी एक वर्ष, चारही लॅबसकट. शिवाय बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, इंग्रजी लेखन, स्टॅटिस्टिक्स, आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी. प्रत्येक मेडिकल स्कूलची यादी थोडी वेगळी असते. म्हणून आधी आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल स्कूलची यादी काढायची, कारण ती बहुधा राज्यातल्याच मुलांना झुकतं माप देतात. हे काम जूनमध्येच करून ठेवायला तुम्ही लावता, ते बरंच करता.

‘हुशार आहे, तीन वर्षांत उरकेल’ हे वाक्य तुमच्यासमोर टिकत नाही. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला सरासरी १५. पण सरासरी १५ म्हणून पहिल्याच सेमिस्टरला १५ घेतलेच पाहिजेत असं थोडंच आहे! तुमचा नेहमीचा पहिला तक्ता १४ चा असतो: जनरल केमिस्ट्री ३, तिची लॅब १, कॅल्क्युलस ४, लेखन ३ आणि एखादा वाचनाचा हलका विषय ३. बायोलॉजी जानेवारीत. राहिलेले क्रेडिट शेवटच्या वर्षी किंवा एपीच्या, म्हणजे शाळेत असतानाच दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांच्या, जमेतून भरून निघतात. तोवर मुलाला अभ्यास कसा करायचा हे तरी कळलेलं असतं.

क्रेडिटचा आकडा फसवा कसा, हे तुमच्या रकान्यात दिसतं. ढोबळ नियम असा, की एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास अभ्यास. १५ क्रेडिटचे ४५ तास झाले, म्हणजे पूर्णवेळ नोकरीच. पण हा नियम लॅबला लागू पडत नाही. लॅबचं क्रेडिट एक. प्रत्यक्षात तीन तास उभं राहून काम, आदल्या दिवशीची तयारी, नंतरचा रिपोर्ट, असे मिळून सहासात तास सहज जातात. म्हणून तुमच्या कागदावर क्रेडिटशेजारी ‘खरे तास’ असा दुसरा रकाना असतो. दोन लॅब आल्या, की त्या सेमिस्टरला उरलेले दोन्ही विषय बिनलॅबचे. तीन लॅबचा तक्ता आणणाऱ्याला तुम्ही चहा देता आणि परत पाठवता.

आणखी एक गोष्ट कॉलेजातल्या सल्लागारांकडूनही सुटते. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सगळे सिलॅबस हाती आले, की प्रत्येक परीक्षेची तारीख एकाच कॅलेंडरवर मांडायची. ऑरगॅनिक, बायोलॉजी आणि फिजिक्सच्या मिडटर्म एकाच आठवड्यात येतात, कारण तिघांचीही पहिली चारपाच प्रकरणं एकदमच संपतात. ॲड-ड्रॉपची, म्हणजे विषय घेण्या-सोडण्याची, मुदत असते पहिल्या आठवड्यादोन आठवड्यांची. तेवढ्यात विषय किंवा सेक्शन बदलला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, खूण राहत नाही. मुदतीनंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ) असा शेरा लागतो. तो जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत (ए चे ४, सी चे २), धरत नाहीत, पण दिसत राहतो. एखाद्या डब्ल्यूला कोणी विचारत नाही. दर सेमिस्टरला एकेक असेल तर मुलाखतीत विचारतात.

सगळ्यात जास्त उपकार केमिस्ट्रीच्या साखळीबद्दल. जनरल एक, जनरल दोन, ऑरगॅनिक एक, ऑरगॅनिक दोन, मग बायोकेमिस्ट्री: बहुतेक ठिकाणी ही पाच सेमिस्टरं ओळीनं लागतात, त्यात उडी मारता येत नाही. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर बायोकेमिस्ट्री तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टला येते. लहान कॉलेजांत जनरल एक फक्त ऑगस्टमध्ये आणि दोन फक्त जानेवारीत असतं. तिथे ऑक्टोबरमध्ये एक विषय सोडला, की अख्खी साखळी वर्षभर मागे जाते. एमकॅटची तारीखही याच साखळीला बांधलेली. त्या परीक्षेचे चार विभाग असतात आणि एकूण गुण ४७२ ते ५२८. बायोलॉजीच्या आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या विभागात प्रत्येकी सुमारे २५ टक्के प्रश्न बायोकेमिस्ट्रीचे येतात. ती न शिकता परीक्षेला बसणं म्हणजे गुण सोडून देणंच. ‘देऊन तर बघू’ म्हणावं तर प्रयत्नही मोजके: वर्षात ३, लागोपाठच्या दोन वर्षांत ४, आयुष्यात ७. नाव नोंदवून गैरहजर राहिलं तरी तो प्रयत्न मोजला जातो.

आता जीपीए. नापसंत ग्रेडचा विषय पुन्हा घेतला तर अनेक कॉलेजं जुनी ग्रेड हिशेबातून काढतात, आणि घरचे निर्धास्त होतात. पण एमडीचे अर्ज ज्या ॲमकासमार्फत जातात, तिथे दोन्ही ग्रेड धरतात. चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत आधी सी आणि मग ए मिळाला, तर कॉलेजच्या कागदावर ४.०, ॲमकासच्या हिशेबात ३.०. डीओच्या अर्जात जुनी ग्रेड पुसली जायची, तीही सोय २०१७ मध्ये बंद झाली. शिवाय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतात. सोप्या विषयांतल्या ए ग्रेडनी एकूण जीपीए सावरतो, हा सावरत नाही. तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात नेहमी मांडता ते गणित इथेही देतो. ६० क्रेडिटनंतर जीपीए ३.३ असेल आणि १२० व्या क्रेडिटला ३.६ हवा असेल, तर पुढच्या साठही क्रेडिटना ३.९ लागतो. पहिल्या सेमिस्टरला एक विषय कमी घ्या म्हणता, त्याचं कारण हे.

एपीत पाच मिळालेल्यांना थेट ऑरगॅनिकला बसण्याचा मोह होतो. काही मेडिकल स्कूल एपीचं क्रेडिट धरत नाहीत, काही वरच्या पातळीचा केमिस्ट्रीचा कोर्स मागतात. तेव्हा क्रेडिट घ्यायचं, पण त्याच्या जागी पुढे काय घेणार ते तक्त्यात आधीच लिहायचं. उन्हाळ्यातलं ऑरगॅनिक मात्र आम्हाला तुमच्याइतकं वाईट वाटत नाही. पाचसहा आठवड्यांत एक सेमिस्टर बसवतात हे खरं, पण दुसरं काहीच करायचं नसेल तर काही मुलांना एकाच विषयात बुडून राहणं मानवतं. नोकरी, रिसर्च आणि ऑरगॅनिक एकत्र जमत नाही, एवढं मान्य.

व्हिसावरच्या मुलांसाठी तुम्ही वेगळा कागद ठेवता, त्याचे आभार तर पालकच मानतील. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, वाढलेलं मूल २१ पूर्ण झालं की त्या व्हिसावर राहू शकत नाही, आणि बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातं. एफ-१ ला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात. १३ घेऊन चार क्रेडिटचा विषय सोडला की ९ उरतात. म्हणून सोडायच्या आधी, नंतर नव्हे, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यायची. अशा मुलांनी १६ ने सुरुवात करावी, म्हणजे एक विषय सोडायला जागा राहते, हा तुमचा एकच सल्ला वरच्या सगळ्याच्या उलट जातो, आणि तो बरोबर आहे. पुष्कळ मेडिकल स्कूल एफ-१ चे अर्जच घेत नाहीत, काही वर्षांची फी आगाऊ बाजूला ठेवायला सांगणारीही आहेत. हे तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळलेलं बरं.

शेवटचं वेळापत्रक अर्जाचं. अर्ज मेअखेर-जूनला द्यायचा आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या ऑगस्टला. सलग जायचं तर तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत फिजिक्स दोन घेऊन १२-१३ वर थांबायचं, कारण एप्रिल-मेमध्ये एमकॅट असते आणि निकालाला महिनाभर लागतो. हे जमत नसेल तर पदवीनंतर एक वर्ष थांबायचं. मेडिकलला पोचणारी निम्म्याहून अधिक मुलं तशी थांबलेलीच असतात, हे तुम्ही सांगितल्यावर कित्येक आयांच्या जिवात जीव आला. आणि शिफारसपत्रं! तीनशेच्या वर्गातले प्राध्यापक नाव तरी कुठून ओळखणार? त्यासाठी तिसऱ्या वर्षी त्यांचाच वीस जणांचा छोटा कोर्स घ्यायचा, हेही तक्त्यात बसतं.

तुमचा कोरा तक्ता आम्ही मराठीत टाइप करून घेतला आहे, ‘खरे तास’ रकान्यासकट. भौतिकशास्त्राला सरळ फिजिक्सच ठेवलंय, मुलांना तेच कळतं. छापायला देण्यापूर्वी एकदा नजर घाला. एफ-१ चा कागद त्याच्या मागच्या बाजूला छापायचा की वेगळा, ते तुम्हीच ठरवा.

आपले,
तुमच्या शनिवारांचे ऋणी पालक आणि विद्यार्थी