पेठेला दोन, कारखान्याला तीन

काका,

नाव छापलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसतं काका. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यात नवी पेठेतून अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार खेपा घालतो आणि रिक्षाभाडंसुद्धा घेत नाही, हे कुठंतरी लिहून ठेवायलाच हवं.

आमची अडचण तुम्ही पाहिलीच होती. पेठेत ऑफिस, एमआयडीसीत कापडाचा कारखाना, दोन्हीकडं वेगळं ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना जोडणारं मशीन. मागांच्या खडखडाटात मोबाइल वाजलेला कुणाला कळत नाही, म्हणून तिथं मोठ्या घंटीचा फोन. पण डाइंगच्या, म्हणजे रंगाईच्या, मास्तरांशी बोलायचं तर शून्य दाबून बाहेरची लाइन घ्या, कारखान्याचा नंबर फिरवा, मग तिथला ऑपरेटर जोडून देणार. तो जेवायला गेला की संपलं. एकानं तर दोन्ही मशीन भंगारात काढून नवीन घ्या म्हणून कोटेशन दिलं होतं.

तुम्ही मशीनला हात लावलाच नाहीत. आतल्या नंबरांची, म्हणजे एक्स्टेन्शनची, वही मागितलीत. 201 पेठेत शेठजींच्या केबिनचा आणि 201 च डाइंगचा, मग जोडणार काय? पेठेला 2, कारखान्याला 3, गोदामाला 4. एकानं सुरू होणारा एक्स्टेन्शन नकोच, 100, 101, 112 हे तातडीचे नंबर तिथंच आहेत. सगळे आकडे ठरेपर्यंत चहा दोनदा गार झाला.

इंटरनेटवरून दोन्ही मशीनची जोडणी झाली आणि मला मागांची खडखड स्पष्ट ऐकू आली. माझा आवाज मात्र तिकडं जाईना. कारखान्याचं मशीन आपला घरातला नेटवर्कचा पत्ता सांगत होतं, 192.168 वाला, जो बाहेर चालत नाही, आणि आमचा आवाज तो पत्ता शोधत वाटेतच हरवत होता. म्हणून व्हीपीएन, म्हणजे दोन्ही नेटवर्कना जोडणारी खासगी वाट, टाकायला घेतलंत, तर दोन्हीकडं नेटवर्कचे आकडेही सारखेच निघाले! "इथंबी दोन 201च की," म्हणालात आणि कारखान्याच्या नेटवर्कलाही तिनाचा आकडा दिलात.

मग ते 399. असा एक्स्टेन्शनच नाही, पण पोरानं चुकून दाबला. कारखान्याचं मशीन म्हणे पेठेत असेल, पेठेतलं म्हणे कारखान्यात असेल. एकाच कॉलनं मधल्या सगळ्या लाइनी अडवल्या. 'माहीत नाही ते पलीकडं ढकल' हा नियम काढून 'फक्त दोननं सुरू होणारे पेठेला, तीनचे कारखान्याला' एवढंच ठेवलंत. मी असते तर रात्रभर केबल हलवत बसले असते.

आता मास्तर थेट 201 फिरवतात. शेठजींना ते फारसं आवडलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

शेंगाचटणीचा डबा परत द्यायची घाई नाही. फक्त गोदामातला 402 दोन दिवस झाले खरखरतोय. सवडीनं, उन्हं उतरल्यावर या.

तुमची,
पेठेतली 214