हवामान आराखडा आणि बेस्टचा आटता ताफा

महोदय,

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत, म्हणजे देशाने ठरवलेल्या मुदतीच्या वीस वर्षे आधी, निव्वळ शून्य उत्सर्जन (जेवढे हरितगृह वायू सोडले जातील तेवढेच शोषले जाणे) गाठण्याचा संकल्प केला. योगायोग असा की, त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्यामुळे या आराखड्याचे काय झाले, हे सभागृहात उभे राहून विचारणारा लोकप्रतिनिधीच उरला नव्हता.

याच आराखड्यातील मोजणीनुसार शहराच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा ऊर्जेचा असून, त्याखालोखाल वाहतुकीचा म्हणजे सुमारे एक पंचमांश आहे. या दोन्हींत हात घालता येईल असा बेस्ट उपक्रम महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचा आहे. तो बसगाड्या चालवतो आणि कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीजही पुरवतो. मात्र एकेकाळी चार हजारांवर असलेला बसताफा तीन हजारांच्याही खाली आला, भाडेतत्त्वावर गाड्या चालवणाऱ्या काही कंत्राटदारांनी काढता पाय घेतला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे साध्या बससाठी पाचाचे दहा, तर वातानुकूलित बससाठी सहाचे बारा रुपये झाले. स्थानकापासून घरापर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरसाठी बसची वाट पाहून कंटाळलेला प्रवासी शेअर रिक्षाच्या रांगेत जातो आणि ऐपत आली की हप्त्याने दुचाकी घेतो. विजेवरच्या बसगाड्या आल्या हे चांगलेच झाले. पण अर्धा तास न येणारी बस विजेवर चालते की डिझेलवर, याने त्याला काय फरक पडणार?

बसभाड्याला महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरणाची मंजुरी लागते, विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, हे मान्य. परंतु दुचाकीलाही मज्जाव असलेल्या सागरी किनारा मार्गासाठी हजारो कोटी रुपये उभे करताना पालिकेला हे अडथळे आडवे आले नाहीत, आणि बेस्टची तूट मात्र दरवर्षी अनुदानाच्या याचनेवर सोडली जाते. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या मूळ अर्थसंकल्पात विलीन करण्याची मागणी जुनीच आहे. नव्या सभागृहाने तिचा राज्य शासनाकडे नेटाने पाठपुरावा करावा आणि तोवर हवामानविषयक कामांवरील खर्च मांडणाऱ्या पालिकेच्या हवामान अर्थसंकल्पाच्या अहवालात दरवर्षी रस्त्यावर प्रत्यक्ष धावलेल्या बसगाड्या व प्रवाशांची संख्या विभागवार छापावी.

– एक वाचक, परळ, मुंबई