टुसॉनमधल्या अनोळखी शेजाऱ्यांनो, मनापासून आभार

पुण्याहून ॲरिझोनातल्या टुसॉनला आलो तेव्हा धाकधूक होती, वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पावसाच्या गावात आपलं कंपोस्ट-सायकलवालं बिऱ्हाड रुजणार कसं? मग इथल्या डनबार स्प्रिंग या वस्तीत रस्त्याकडेला खणत बसलेली तुमची टोळी भेटली. फुटपाथची कड कापून रस्त्यावरून वाहणारं पाणी झाडांच्या आळ्यात कसं वळवायचं, ते तुम्ही थेट कुदळ हातात देऊनच शिकवलंत. मेस्किटच्या (आपल्या वेड्या बाभळीचीच ही बहीण!) शेंगांचं गोडसर पीठ एका आजींनी गुपचूप दारात ठेवलं. दशम्या झक्क झाल्या. धुण्याचं पाणी लिंबाला सोडणारा पाइप जोडून देणाऱ्या ताईंचं नाव विचारायचंच राहिलं. जुलैच्या पहिल्याच सरीत आमचं आळं काठोकाठ भरलं. बघायला या, दशम्या करते.