पावसाळ्याआधी दोन गिटारींसाठी

टोरांटो, मे महिना

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. घरातल्या दोन्ही इलेक्ट्रिक गिटारी विकायच्या नाहीत. आणि तारा सैल करून ठेवायच्या नाहीत. कारणं खाली आहेत, पण ती वाचायला वेळ मिळाला नाही तरी पाऊस सुरू व्हायच्या आत एवढं पाळा.

चांगली बांधलेली इलेक्ट्रिक गिटार वापरून संपत नाही. तिचे भाग झिजतात, आणि झिजणारा जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. लाल स्ट्रॅटोकास्टर बघा. ती १९५४ साली बाजारात आणणारा लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता. कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिटारही त्याने रेडिओवाल्यासारखीच बांधली. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, चार स्क्रूंनी बॉडीला धरलेली. तिन्ही पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे भाग), स्विच आणि नॉब एकाच प्लास्टिकच्या पिकगार्डवर बसवलेले. स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न असलं की सगळं उघडतं. पिवळी लेस पॉल वेगळ्या घराण्यातली. गिब्सनची १९५२ पासूनची ही रचना जुन्या वाद्यकारांच्या पद्धतीची, नेक सरसाने कायमची चिकटवलेली. सूर जास्त वेळ टिकतो, पण एक ठिकाण नाजूक आहे. त्याबद्दल पुढे.

आता रत्नागिरीचा पाऊस. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत तुमच्याकडे ती ८५ च्या वर जाते. इथे टोरांटोत जानेवारीत हीटर चालू असताना ती २० वर येते, लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं नेकच्या कडेने हाताला लागतात. दोन्हींत मी तुमचा दमटपणा पत्करेन. त्यात गंजतात ते मुख्यतः तारा आणि छोटे स्क्रू, आणि ते स्वस्त आहेत.

दोन्ही गिटारी हार्ड केसमध्येच ठेवा. केस जमिनीवर नको, समुद्राकडच्या भिंतीला टेकून नको आणि माळ्यावर तर नकोच, मेमध्ये कौलांखाली भट्टी असते. आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर आडवी ठेवलेली बरी. वाळवीही तिथे सहज पोचत नाही. प्रत्येक केसमध्ये सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पिशव्या टाका. नारिंगी दाण्यांची घ्या, ती ओल पिऊन हिरवट झाली की कळतं. मग दाणे ताटलीत काढून ओटीजीमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. छोटा डिजिटल आर्द्रतामापक केसमध्ये ठेवा. पावसाळाभर तो ६० च्या आत राहिला तरी पुष्कळ झालं.

आई, कपाटात कापूर किंवा डांबराच्या गोळ्या टाकायची तुझी पद्धत केसच्या बाबतीत मोड. पिवळीवरचं लॅकर नायट्रोसेल्युलोजचं आहे, आणि कापूर हा नायट्रोसेल्युलोज मऊ करायला शंभरहून जास्त वर्षं कारखान्यात वापरला गेलेला पदार्थ. बंद केसमध्ये त्याची वाफ कोंडली तर लॅकर चिकट होईल आणि केसच्या अस्तराचे ठसे त्यावर उठतील. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकच्या भागांना वाईट. त्याच लॅकरला काही रबरी स्टँडही बाधतात, रबर टेकलेल्या जागी डाग पडतो आणि तो जात नाही. बुरशीचा पांढरा थर दिसला तर कोरड्या सुती फडक्याने पूस आणि रिकामी केस उन्हात टाक. गिटार मात्र उन्हात कधीच नाही.

लाल गिटारच्या नेकवरची काळसर पट्टी शिसवाची आहे, आपल्या सह्याद्रीत वाढतो तोच. ती कोरडी वाटली तर वर्षातून एकदा, जास्तीत जास्त दोनदा, लेमन ऑइलचे चार थेंब फडक्यावर घेऊन पुसायची आणि पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने काढायची. खोबरेल नको, ते खवट होतं आणि धूळ धरतं. या शिसवापायी २०१७ मध्ये गिटार देशाबाहेर नेणाऱ्यांची बरीच पंचाईत झाली होती. त्या वर्षीच्या २ जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जाती साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या. तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली.

आता बाबांचं काम. दहा ते शेहेचाळीसच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) सहा तारा सुरात असल्या की लाल गिटारच्या नेकवर मिळून ४५ किलोंच्या आसपास ओढ असते. नेकच्या आतला ट्रस रॉड ही पोलादी सळई या ओढीविरुद्ध लावलेली असते. तारा पूर्ण सैल केल्या की सळईला विरोध उरत नाही आणि नेक मागे वाकते. म्हणून तारा सुरातच राहू द्या, फार तर अर्धा स्वर उतरवून.

नेक सरळ आहे का हे डोळ्याने बघून ठरवू नका. तुमच्या स्कूटरच्या टॅपेटचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा, काढा. गिटार सुरात आणा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी म्हणजे सर्वांत जाड तार नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांत किती फट आहे ते मोजा. ०.२५ मिमीचं पान तारेला न हलवता जेमतेम सरकलं पाहिजे. ०.२० ते ०.३० मध्ये असेल तर हात लावू नका. फट जास्त असेल तर ट्रस रॉडची चावी घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा. मग पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा सुरात आणा, पुन्हा मोजा. पावसात नेक पुढे झुकेल की मागे जाईल हे त्या त्या लाकडावर असतं, त्यामुळे अंदाजाने फिरवायचं नाही. चावी जड लागली तर तिथेच सोडा.

चावीबद्दल एक. लालची चावी १/८ इंचाची आहे, म्हणजे ३.१७५ मिमी. हार्डवेअरच्या दुकानातली ३ मिमीची चावी तीत बसल्यासारखी वाटते, पण फिरवताना घसरते आणि आतले कोपरे गोल करते. मग नेकच काढायची वेळ येते. इंचाच्या चाव्यांचा जुडगा केसच्या कप्प्यात आहे, तोच वापरा. पिवळीच्या ट्रस रॉडची नट ५/१६ इंचाची, तिला नळीसारखी चावी लागते. तीही तिथेच आहे.

नेक जागेवर असली तरच तारांची उंची बघायची. सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत १.६ मिमी असावी. हा क्रम उलटा केला, आधी ब्रिजवरून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) उंची कमी केली आणि नंतर ट्रस रॉड फिरवला, तर सगळ्या तारा फ्रेटवर खरखरायला लागतात आणि दोष फ्रेटना दिला जातो.

तारा बदलताना लालच्या एकेक करून बदला. तिचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तरंगतो. सहाही तारा एकदम काढल्या की तो मागे ओढला जातो आणि मग तासभर सूर लागत नाही. जाड तारेचे खुंटीवर दोन-तीन वेढे, बारीकचे तीन-चार, त्याहून जास्त नको. नवी तार बोटांनी हलकी ओढून घ्या, सूर उतरेल, पुन्हा चढवा, दोन-तीनदा. खुंटी पिळताना नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, 'टिंग' असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. बहुतेक लोक अशा वेळी खुंट्या बदलतात आणि पैसे घालवतात. जुनी तार काढल्यावर खाचेत मऊ शिसपेन्सिलीचं टोक घासायचं, बस.

दादाचा मुलगा सुट्टीत येतो तेव्हा त्याला एकच नियम सांगा: पिवळी भिंतीला टेकवायची नाही. तिचं डोकं मागे कललेलं आहे, आणि नेमक्या तिथे ट्रस रॉडच्या नटसाठी लाकूड कोरलेलं असतं. चार किलोंची गिटार उलटी पडली की तिथेच तडा जातो. तसं झालंच तर लगेच सगळ्या तारा सैल करा, ढलप्या उडाल्या असतील तर डबीत गोळा करा, आणि फेविकॉल, फेविक्विक काहीही घालू नका. स्वच्छ तडा सरसाने पक्का जुळतो. आधी भलतं काही मुरलेलं असेल तर तो जुळत नाही.

विजेचं थोडक्यात. नॉब फिरवताना खरखर आली तर पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ किंवा ओल आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. डब्ल्यूडी-४० वापरू नका. वायर लावायच्या जॅकचा नट हमखास सैल होतो, पण घट्ट करताना जॅक आतून फिरू देऊ नका, सोल्डर तुटतं. लाल गिटार गुणगुणते ही आईची तक्रार खरी आहे. एकेरी गुंडाळीच्या पिकअपला घरातल्या विजेचे ५० हर्ट्‌झ ऐकू येतात. स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या घरात ठेवला की दोन गुंडाळ्या मिळून ती गुणगुण मारतात. पिवळीत तेच काम हंबकर हा दोन गुंडाळ्यांचा पिकअप करतो, १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने काढलेला. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं ठीक. हाताला झिणझिण्या आल्या तर मात्र अ‍ॅम्प तत्काळ बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जूनच्या विजांत प्लग काढूनच ठेवा.

फ्रेटना अजून बरीच वर्षं आहेत. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खळगे पडले आणि तार ओढताना खडखडली तर ते घासून एका पातळीत आणतात आणि पुन्हा गोल करतात, पाट्याला टाकी लावून घ्यावी तसं. दोन-तीनदा असं करता येतं, मग नवे बसवायचे. रंग मात्र कधीच नवा करू नये. जुनी गिटार ओळखणारा माणूस ओरखड्यांसह मूळ रंगालाच किंमत देतो, आणि बदललेला प्रत्येक जुना भागही मागतो. म्हणून काढलेला स्क्रूसुद्धा पाकिटात घालून केसमध्ये ठेवा.

आणि आई, ती पिवळी नुसती सांभाळू नकोस, रियाजाला घे. तुझी पट्टी काळी चार म्हणजे जी-शार्प. सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी अशी उतरवायची, मधल्या तीन आहेत तशाच. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो. जाडकडून बारीककडे पंचम, षड्‌ज, पंचम, षड्‌ज, गंधार, पंचम असे सूर लागतील. ट्यूनरने लावलेला गंधार तुला चढा वाटेल आणि तुझं बरोबर असेल. ट्यूनरचा काटा १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली आणून लाव, तो बसेल. भीमपलासीत गंधार कोमल, तेव्हा तिथे गंधाराची ती दुसरी तार छेडायची नाही, आणि मालकंसात पंचमच नाही, तेव्हा तिथे ही जुळणी उपयोगाची नाही. नेककडचा पिकअप, टोन निम्म्यावर, अ‍ॅम्प अगदी हळू. हे लालवर करू नकोस, तिथे एक तार उतरवली की तरंगता ब्रिज हलतो आणि बाकीच्या पाच चढतात.

वाजवून झालं की तारा फडक्याने पुसायच्या, वरून आणि खालूनही. घामाच्या मिठापेक्षा तुमच्याकडची हवाच जास्त खारट आहे, तेव्हा पावसाळ्यात तारांचा एक जोड दोन महिने टिकला तरी खूप. दिवाळीत येताना चार जोड आणते. तोवर केसमधले दोन पुरतील, पाकीट फोडलं की लगेच लावा, उघडं ठेवू नका.

तुमची,
लेक