फुलवाल्या मावशींना, झेंडूच्या बियांसाठी

मावशी, नमस्कार.

गेली सहा वर्षं मी तुमच्याकडून पूजेची पुडी घेते आहे. आज पत्र लिहितेय ते मात्र बियांसाठी, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही मला जे शिकवलंत ते उभ्या उभ्या, गिऱ्हाईक सांभाळत, एक पैसा न घेता. त्याचे आभार गुपचूप मानणं मला बरं वाटेना.

गेल्या जूनमध्ये माझा झेंडूचा पहिला ट्रे गेला. पाचव्या दिवशी रोपं वर आली होती. दहाव्या दिवशी सकाळी पाहते तर सगळी आडवी. पानं हिरवीगार, पण देठ मातीपाशी दोऱ्यासारखा बारीक आणि काळपट झालेला. त्यातलं एक रोप तळहातावर घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही हार ओवता ओवता थांबलात, देठ नखानं दाबून पाहिलात आणि म्हणालात, "पोरी, हे पाण्यानं गेलंय. मर लागली ह्याला."

मग तुम्ही विचारत गेलात. ट्रे कुठे ठेवला होता? स्वयंपाकघराच्या खिडकीत. पाणी किती वेळा? सकाळ-संध्याकाळ. बी किती टाकलं? मूठभर. प्रत्येक उत्तरावर तुमची मान हलत होती. ओल हटत नाही, वारा लागत नाही आणि रोपांची दाटी झाली, की मातीतली बुरशी कोवळ्या देठाला धरते, हे मला तेव्हा कळलं. कुंडीतली जुनी माती वापरू नकोस, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळ खत घे, असं तुम्ही सांगितलंत. दोन बियांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवायचं. पाणी वरून ओतायचं नाही; ट्रे परातीतल्या पाण्यात पाव तास ठेवायचा, आणि पुन्हा पाणी द्यायचं ते ट्रे उचलून हलका लागला तरच. कोंभ दिसला की त्याच दिवशी उजेडात बाहेर काढायचा, कारण सावलीत रोपं नुसती लांबतात.

बीसुद्धा तुम्हीच दिलंत. आदल्या दसऱ्याचा वाळलेला झेंडू फडक्यात बांधून ठेवला होतात. एक फूल उसवून बुडातल्या काळ्या काड्या, टोकाला पांढरट शेपूट असलेल्या, माझ्या हातावर ठेवल्यात. तोवर बी म्हणजे पाकिटातलंच, असं मी समजत होते. "संकरित झेंडूचं बी आहे, आईसारखं पोर होईलच असं नाही," हेही तुम्ही आधीच बजावलंत.

बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट माती वर, हा तुमचा नियम मी आता सगळ्यांना सांगते. माझा पिटुनिया आजवर का उगवत नव्हता, तेही त्यातूनच उलगडलं. त्याचं बी रव्याहूनही बारीक, आणि त्याला उगवायला उजेड लागतो. मी ते पुरत होते. आता ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरते.

पण खरे आभार खुडणीसाठी मानायचे आहेत. 8 जुलैला पेरलेल्यांपैकी 11 रोपं जगली. कोंभाबरोबर येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतर चार खरी पानं आल्यावर ती कुंड्यांत लावली. ऑगस्टअखेर एका रविवारी टोपली रिकामी झाल्यावर तुम्ही तीन मजले चढून रोपं बघायला आलात. तेव्हा एका रोपाच्या टोकाला पहिली हिरवी कळी धरली होती. तुम्ही ती शेंड्यासकट नखानं खुडलीत. माझ्या पोटात कालवलं. मी काही बोलले नाही, पण तुम्हाला दिसलं असणार, कारण तुम्ही माझा हात धरून दुसऱ्या रोपावर ठेवलात. शेंडा आहे तोवर तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बेचक्यातल्या कोंभांना, फुटू देत नाही, असं सांगितलंत, आणि "बाकीची तू खुड" म्हणून गेलात. मला दोन दिवस लागले. एक रोप मी तसंच ठेवलं, हात झाला नाही. त्याला सप्टेंबरच्या मध्यावर एक मोठं फूल आलं, मग ते उंच वाढून पावसात कलंडलं. खुडलेल्या दहांना प्रत्येकी सहा-सात फांद्या फुटल्या.

2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सकाळी, 43 फुलं निघाली. आंब्याच्या पानांत ओवून दाराचं तोरण झालं, देव्हाऱ्याला छोटा हार झाला. उरलेली तुमच्यासाठी आणली, तेव्हा तुमच्या समोर झेंडूचा ढीग होता. तरी तुम्ही माझी फुलं वेगळी काढून तुमच्या तराजूला वाहिलीत. ते मी विसरणार नाही.

दोन रोपं तुम्ही बजावल्याप्रमाणे एकेरी पाकळ्यांची निघाली होती. मला ती उणी वाटली. तुम्ही मात्र ती हातात घेऊन म्हणालात, ह्यांनाच बी भरपूर धरतं, माहेरच्या बांधाला लावायला दे मला. ती फुलं झाडावरच वाळू दिली. बी कागदाच्या पाकिटात ठेवलंय, वर तारीख घातली आहे. अर्धं तुमचं. पाऊस लागला की घेऊन येते, संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची